गोठ्यातल्या जनावरांचं मूत्रपिंड : टाकतं थोडं, राखतं फार

नववीच्या विज्ञानातला उत्सर्जनाचा भाग आपल्याकडे साधारण म्हसा यात्रेच्या आगेमागे शिकवायला येतो. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, बैलांचा मोठा बाजार लागतो, आणि तेवढे दिवस शहापूर-मुरबाडकडच्या वर्गातली निम्मी मुलं मनाने तिकडेच असतात. अशा वेळी फळ्यावर माणसाच्या मूत्रपिंडाची आकृती काढून नावं घोकून घेण्यापेक्षा जनावराकडून धड्याकडे यावं, असं मला दरवर्षी अधिकच वाटू लागलं आहे. मुलांच्या घरी शेळी आहे, बैल आहे, एखादी म्हैस आहे. धडा गोठ्यातच उभा आहे.

"मूत्रपिंड काय करतं?" असं विचारलं की वर्गातून एका सुरात उत्तर येतं, "रक्त गाळतं." "म्हणजे काय?" तर "घाण बाहेर टाकतं." परीक्षेत या उत्तराला गुण मिळतात. पण एप्रिल-मे महिन्यात सुक्या पेंढ्यावर आणि मोजक्या बादलीभर पाण्यावर तगून राहणाऱ्या आपल्या गाई-शेळ्या पाहिल्या, की हे उत्तर फार अपुरं वाटतं. मूत्रपिंडाचं खरं कौतुक ते काय टाकतं यात नाही, काय राखतं यात आहे. तेवढं मुलांच्या डोक्यात बसलं की बाकीची आकृती आपोआप बसते.

सुरुवात मटणाच्या दुकानातून करावी. पुस्तकात 'वृक्क', बोलण्यात 'किडनी', आणि दुकानात 'गुर्दा'. तिन्ही एकच, हे आधी फळ्यावर लिहावं. निम्मा गोंधळ तिथेच संपतो. दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की भाऊ, चरबी काढू नका आणि नळी मुळापासून तोडू नका. नाहीतर तो बिचारा साफसूफ करून देतो आणि आपल्याला दाखवायचं तेच कचऱ्यात जातं.

बोकडाचा गुर्दा हातात घेतला की आधी लागते ती पांढरी, घट्ट चरबी. ही गादी आहे. उड्या मारणाऱ्या जनावराच्या पाठीच्या कण्याखाली हा नाजूक अवयव तिच्यात लपेटून ठेवलेला असतो. चरबी सोलली की खाली गुळगुळीत, तांबूस-तपकिरी, मोठ्या वालाच्या दाण्यासारखा आकार दिसतो. वरचं पातळ पारदर्शक आवरण नखाने सहज सुटतं. वालाला जिथे डोळा असतो, तिथेच गुर्द्यालाही खाच असते. त्या खाचेतून तीन नळ्या जातात : रक्त आणणारी धमनी, रक्त नेणारी शीर, आणि मूत्राशयाकडे जाणारी पांढरट मूत्रवाहिनी. मुलांना हात लावू द्यावा. धमनीची भिंत जाड लागते, शीर लुळी पडते. हे सांगून कळत नाही, बोटाला कळतं.

मग धारदार ब्लेडने, शिक्षकाने स्वतः, वालाची डाळ करतात तसे उभे दोन भाग करायचे. आत दोन थर स्पष्ट दिसतात. बाहेरचा गडद, बारीक रवाळ थर म्हणजे कॉर्टेक्स. भिंग धरलं तर त्यात लाल ठिपके दिसू शकतात. ते केशवाहिन्यांचे गुच्छ. रक्त गाळण्याचं काम तिथे चालतं. आतला फिकट, रेघारेघांचा थर म्हणजे मेड्युला. या रेघा म्हणजे खाली उतरणाऱ्या आणि परत वर जाणाऱ्या सूक्ष्म नळ्या. शेळी-मेंढीत मेड्युलाची सगळी टोकं एकत्र जुळून एकच लांबट कणा झालेला असतो आणि तो मधल्या पोकळीत टेकलेला असतो. तयार झालेलं मूत्र त्या कण्यावरून पोकळीत झिरपतं, तिथून मूत्रवाहिनीत.

पुस्तकातल्या माणसाच्या आकृतीत मात्र असा एक कणा नसतो, बरेच त्रिकोणी पिरॅमिड असतात. चौकस मूल हे लगेच विचारतं, आणि विचारलंच पाहिजे. कुत्रा, मांजर, शेळी, मेंढी यांचं मूत्रपिंड बाहेरून गुळगुळीत आणि आतून एक कण्याचं. डुकराचं बाहेरून गुळगुळीत, चपटं, पण आतून माणसासारखं अनेक पिरॅमिडांचं. गाई-बैलाचं तर निराळंच. ते बाहेरूनच सीताफळासारखं फुगीर गाठींचं दिसतं. साधारण १२ ते २५ गाठी असतात. आत एक मोठी पोकळी नसते. प्रत्येक टोकाला आपली छोटी वाटी असते आणि त्या वाट्यांच्या नळ्या जुळत जुळत मूत्रवाहिनी होते. म्हशीचंही असंच गाठींचं. गंमत म्हणजे माणसाच्या तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडावरही अशा गाठींच्या खुणा असतात, पुढे त्या भरून येतात. गाईच्या त्या तशाच राहतात, एवढंच.

जागेचीही एक मौज आहे. माणसाची दोन मूत्रपिंडं कण्याच्या दोन बाजूंना बऱ्यापैकी समोरासमोर असतात. रवंथ करणाऱ्या जनावरांत डावी बाजू कोटीपोटाने, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्याने, व्यापलेली असते. उजवं मूत्रपिंड यकृताला लागून शेवटच्या बरगड्यांखाली घट्ट बसतं. डावं मात्र सैल लोंबतं, आणि कोटीपोट चाऱ्याने भरलं की ते चक्क मधली रेघ ओलांडून उजवीकडे ढकललं जातं. चरून आलेल्या गाईचं डावं मूत्रपिंड उजवीकडे असू शकतं, असं सांगितलं की वर्ग हसतो आणि मग विसरत नाही.

आता कामाकडे. आकड्यांशिवाय हे काम कळत नाही, म्हणून थोडा हिशेब करू. २५ किलोच्या शेळीच्या अंगात साधारण पावणेदोन लिटर रक्त. तिच्या दोन मूत्रपिंडांत मिळून दिवसभरात गाळलं जाणारं पाणी मात्र ७० लिटरच्या आसपास. म्हणजे तेच ते रक्त पुन्हा पुन्हा गाळलं जातं. आणि शेळी दिवसभरात मुतते किती? अर्धा ते एक लिटर. मग बाकीचे ६९ लिटर गेले कुठे? हा प्रश्न विचारून वर्गात दोन मिनिटं गप्प बसावं. उत्तर मुलांकडूनच येतं : परत रक्तात गेले.

इथे गाळणीची उपमा तुटते. चहाच्या गाळणीत चोथा वर राहतो आणि चहा खाली येतो, काम संपलं. मूत्रपिंड आधी रक्तातल्या पेशी आणि मोठी प्रथिनं वगळून जवळजवळ सगळंच बाहेर काढतं. पाणी, मीठ, साखर, युरिया, सगळं. आणि मग लांबच लांब नळ्यांतून ते पुढे सरकत असताना हवं तेवढं वेचून परत घेतं. कपाट आवरायचं तर आधी सगळं जमिनीवर ओतून मग हवं ते परत लावावं, तशी ही पद्धत. आपला शहापूर तालुका तानसा आणि भातसा धरणांतून मुंबईला पाणी पाठवतो. ते गेलं ते गेलं, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. मूत्रपिंडाचं धोरण नेमकं उलटं आहे. शंभर भाग पाणी सोडायचं आणि नव्व्याण्णव भाग मूळ मालकाला परत करायचं.

हे काम करणारी एकेक सूक्ष्म नळी म्हणजे नेफ्रॉन. माणसाच्या एका मूत्रपिंडात असे सुमारे १० लाख, गाईत सुमारे ४० लाख, कुत्र्यात ४ लाख, मांजरात २ लाखांच्या आसपास. संख्या जनावराच्या आकाराप्रमाणे बदलते. पाणी वाचवण्याची हुशारी मात्र संख्येवर नाही, नळीच्या खोल वळणावर ठरते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. मेड्युला जितका खोल जावा तितका खारट असतो. मूत्राची शेवटची नळी या खारट भागातून खाली उतरते, आणि तिच्यातलं पाणी कैरीतल्या पाण्यासारखं बाहेर ओढलं जातं. किती ओढायचं हे मेंदूतून येणारा एक हार्मोन ठरवतो. जनावर तहानलेलं असेल तर तो वाढतो, नळीची पाण्याची दारं उघडतात, लघवी कमी आणि गडद होते. तळ्यावर पोटभर पाणी प्यायलेल्या म्हशीची लघवी पाण्यासारखी, आणि दुपारभर माळावर फिरलेल्या शेळीची घट्ट पिवळी. मुलांनी हे शेकडो वेळा पाहिलेलं असतं, कारण तेवढं नवं असतं.

मांजर या कलेत खूप पुढे. रक्तापेक्षा दहापट घट्ट लघवी ते करू शकतं. शेळ्या-मेंढ्याही तयार गडी. माणूस आणि डुक्कर मात्र चौपटीच्या आसपास थांबतात, म्हणून दोघांनाही पाणी वेळेवर लागतं.

पाण्याइतकीच मोठी दुसरी काटकसर आहे युरियाची, आणि ती आपल्या पुस्तकात नाही. प्रथिनं वापरली की उरतो तो युरिया, तो टाकाऊ, असं आपण शिकवतो. माणसाच्या बाबतीत ते चालतं. पण आपल्याकडे भातकापणी झाली की गुरांना पुढचे कित्येक महिने मुख्यतः भाताचा पेंढा. त्यात प्रथिनं अगदीच थोडी. अशा वेळी गाई-शेळीचं मूत्रपिंड युरिया टाकणं कमी करतं आणि तो रक्तात राखतं. रक्तातून तो लाळेवाटे आणि कोटीपोटाच्या भिंतीतून परत कोटीपोटात जातो. तिथले सूक्ष्मजीव त्यातल्या नायट्रोजनपासून स्वतःची प्रथिनं बनवतात, आणि पुढच्या आतड्यात ते सूक्ष्मजीवच पचून गाईला प्रथिनं देतात. ज्याला आपण घाण म्हणालो, त्याच घाणीवर आपली गाय उन्हाळा काढते. डांगीसारखं जनावर भर पावसात आणि पुढे सुक्या चाऱ्यावर टिकतं, त्याचं श्रेय आपण कातडीला आणि खुरांना देतो. रवंथ करणाऱ्या प्रत्येक जनावराची ही आतली बचतही त्यात धरायला हवी. जास्त पेंड घातली तर उलट होतं. युरिया जास्त बाहेर पडतो, शेणातल्या जिवाणूंमुळे त्याचा अमोनिया होतो, आणि सकाळी गोठ्याचं दार उघडलं की डोळे झोंबतात. म्हणजे महागडी पेंड नाकातून चालली आहे.

आता जिथे ही काटकसरच अंगाशी येते ती जागा. पाणी राखून मूत्र घट्ट करणं म्हणजे त्यात क्षार दाटणं, आणि क्षार फार दाटले की खडे. मुतखडा मादीलाही होतो, पण तिचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्याने बहुतेक वेळा निघून जातो. बैलाचा आणि बोकडाचा मूत्रमार्ग लांब, अरुंद, आणि मध्ये इंग्रजी एस अक्षरासारखा दुमडलेला असतो. बैल चालता चालता थोडं थोडं मुततो आणि रस्त्यावर नागमोडी रेघ उमटते. जुन्या पंडितांनी या रेघेवरूनच नागमोडी रचनेला गोमूत्रिका असं नाव दिलं. त्या दुमडीतच खडा अडकतो. बोकडात आणखी एक अरुंद जागा आहे : मूत्रमार्गाच्या अगदी टोकाला दोऱ्यासारखी बारीक नळी असते. लहानपणीच खच्ची केलेल्या नरात मूत्रमार्ग पुरता वाढत नाही, त्यामुळे धोका आणखी वाढतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी विकायला तयार केलेला असा एक बोकड होता. लवकर भरावा म्हणून भाताचा कोंडा आणि धान्य भरपूर, हिरवा पाला कमी. थंडीचे दिवस, पाणी जेमतेम. एक दिवस तो पाठ वाकवून कुंथायला लागला, शेपूट हलवू लागला, दात खाऊ लागला. घरच्यांना वाटलं पोट साफ होत नाही. तेल पाजलं. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी कुंथणं थांबलं, बोकड शांत झाला, सगळ्यांना हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी पोट दोन्हीकडून फुगलं आणि बोकड गेला. मुलगा मला म्हणाला, "सर, बरा झाला होता ओ तो." तो बरा झाला नव्हता. मूत्राशय फुटलं होतं, म्हणून कळ थांबली होती. त्या घराचा वर्षाचा मोठा खर्च त्या बोकडावर अवलंबून होता. तेव्हापासून मी हा धडा शिकवताना परीक्षेचा विचार दुसऱ्या नंबरवर ठेवतो.

पालकांनी लक्षात ठेवण्यासारखं एवढंच आहे. नर जनावर वारंवार कुंथत असेल तर आधी ते मुततंय का हे बघा. बूड कोरडं आहे, थेंब थेंब येतोय, पोटाखालच्या केसांवर वाळूसारखे कण चिकटलेत, अशी काहीही खूण दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. घरी तेल, काढे, जबरदस्तीने पाणी पाजणं यात वेळ घालवू नका. अडलेल्या नळीच्या मागे आणखी पाणी साठवून काही साधत नाही. वेळेत पोहोचलं तर बोकडाच्या टोकाची ती दोऱ्यासारखी नळी डॉक्टर कापून वाट मोकळी करू शकतात. आणि मुळात टाळायचं असेल तर कोंडा आणि धान्य बेताने, कारण त्यात फॉस्फरस फार असतो. सोबत पाला, खनिज मिश्रण, चाटायला मीठ, आणि पाणी दिवसभर समोर. मीठ देऊन पाणी न देणं हे मात्र न देण्याहून वाईट. खच्ची केव्हा करावं हेही डॉक्टरांना विचारून ठरवावं, फार लहानपणी करण्याची घाई नको.

लाल लघवीबद्दलही घरोघर गैरसमज आहे. लघवी लाल म्हणजे किडनी गेली, असं नसतं. आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिया रोगात रक्तातल्या तांबड्या पेशीच फुटतात आणि त्यांचा रंग मूत्रपिंडातून उतरतो. काचेच्या बाटलीत थोडी लघवी घेऊन तासभर न हलवता ठेवा. तळाशी लाल गाळ बसला आणि वर पिवळं राहिलं तर रक्त मूत्रमार्गातून येत असण्याची शक्यता जास्त. सगळी बाटली कॉफीसारखी एकसारखी राहिली तर पेशी फुटल्याचा संशय. निदान डॉक्टरच करतील, पण ती बाटली सोबत नेली तर त्यांचं काम सोपं होतं.

औषधांचं एक सांगून ठेवतो. आपल्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकते. मूत्रपिंड किती नाजूक असतं याचा सर्वांत मोठा धडा तर आपल्याला गिधाडांनी दिला. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. भारतात गुरांसाठी ते २००६ मध्ये बंद केलं गेलं, तोवर बहुतेक गिधाडं संपली होती.

आणि आता पावसाळ्यातली गोष्ट, जी जनावरापेक्षा आपल्या मुलांशी जास्त निगडित आहे. लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू उंदीर, गाय, म्हैस, डुक्कर, कुत्रा यांच्या मूत्रपिंडातल्या त्याच सूक्ष्म नळ्यांत मुक्काम करतो. जनावर वरून ठणठणीत दिसू शकतं, पण लघवीतून जिवाणू बाहेर पडत राहतो, आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात कित्येक दिवस जगतो. लावणीच्या दिवसांत आपली मुलं आई-बापासोबत गुडघाभर चिखलात असतात, पायाला काप गेलेले असतात. जिवाणूला तेवढी वाट पुरते. म्हणून जून ते ऑक्टोबर या दिवसांत मूल तापाने फणफणलं, पोटऱ्या दुखतात म्हणालं, डोळे लाल दिसले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि "शेतात चिखलात काम केलं आहे" हे वाक्य डॉक्टरांना न विसरता सांगा. हा आजार लवकर ओळखला तर औषधाने बरा होतो. उशीर झाला तर माणसाचीही मूत्रपिंडं थांबू शकतात. शिक्षकांनी हजेरीपटावर अशा मुलांकडे जरा लक्ष ठेवावं. लावणीच्या दिवसांतली गैरहजेरी आपण कामाची म्हणून धरतो, तिच्यात एखादी तापाची असते.

पाठ घेणाऱ्या सहकाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. दोन गुर्दे पुरतात, एक उभा कापायला, एक सबंध ठेवायला. मार्गशीर्षात बऱ्याच घरी मांसाहार बंद असतो, तेव्हा मुलांना नकोसं होतं. पौष लागल्यावर घ्या. माळकरी घरातल्या किंवा इच्छा नसलेल्या मुलांना आग्रह करू नका, त्यांच्याकडून फळ्यावर आकृती काढून घ्या, ती बहुधा सर्वांत सुबक येते. खाली जुना पेपर, हातात पिशव्या, शेवटी साबण. मूत्रवाहिनीत ड्रॉपरने शाईचं रंगीत पाणी सोडून दाखवा, मधली पोकळी झटकन रंगते. आणि शाई घालण्याआधी विचार करा. गेल्या वर्षी तास संपल्यावर एका मुलीने हळूच विचारलं होतं, "सर, तो दुसरा घरी नेऊ का? आई चुलीवर मस्त भाजते."